ब्रेक सोडायला शिका

सिम्युलेटरवर रेसिंग शिकायचं म्हणजे निम्म्याहून जास्त काम डाव्या पायाला शिकवायचं. हातांना आणि उजव्या पायाला रोजच्या गाडीमुळे थोडंफार वळण लागलेलं असतं. डावा पाय मात्र जन्मभर क्लचवर पोसलेला. गाडी उठवताना तो हळू सुटतो खरा, पण दाबताना कधी मोजूनमापून दाबत नाही, आणि एकदा गाडी धावायला लागली की सोडतोही बेधडक. हाच पाय रेसिंगच्या ब्रेकवर ठेवला की तिथेही तो तेच करतो आणि गाडी ट्रॅकबाहेरच्या वाळूत जाऊन बसते. मी कितीतरी दिवस असा वाळूत जात होतो आणि दोष व्हीलला, गेमला, टायरच्या तापमानाला देत होतो.

ऑफिसातली मुलं हल्ली विचारतात, "दादा, कुठलं व्हील घेऊ?" त्यांना एखाद्या कंपनीचं नाव हवं असतं. मी आधी विचारतो, खुर्ची कुठली आहे? चाकांची असेल तर पहिल्याच जोरदार ब्रेकला खुर्ची मागे पळते आणि पेडल पुढे. टाइल्सवर तर दोन्ही स्केटिंगच करतात. मी यावर काढलेला तोडगा असा: खुर्चीची चाकं जुन्या बुटांमध्ये बसवायची आणि पेडलच्या मागे, भिंतीला टेकवून, घरातला लाकडी पाट आडवा लावायचा. सत्यनारायणाच्या दिवशी तो पाट आईला परत द्यावा लागतो, तेवढी अडचण सोडली तर उपाय पक्का आहे. पाय ठाम रोवल्याशिवाय ब्रेकची शिस्त येत नाही, मग व्हील वीस हजारांचं असो की लाखाचं.

पैसे खर्चायचेच असतील तर ते आधी ब्रेकवर खर्चा. स्वस्त पेडल पाय किती सरकला ते मोजतं. लोडसेल असलेलं पेडल किती जोर दिला ते मोजतं. आपल्या पायाला अंतरापेक्षा जोर चांगला लक्षात राहतो, त्यामुळे दर लॅपला तोच ब्रेक तसाच पुन्हा मारता येतो. व्हीलचा दर्जा हा नंतरचा विषय. गिअरवर चालणाऱ्या स्वस्त व्हीलचा खडखडाट मात्र गृहीत धरा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा अगदी सौजन्याने विचारलं होतं, "रात्री मिक्सर लावता का हो?"

आणखी एक फुकटचं काम आहे, ते बहुतेक जण करतच नाहीत: फील्ड ऑफ व्ह्यू. पडद्यावर किती अंशांचं दृश्य दिसावं, याचं हे माप. २७ इंची पडदा डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर आडवा कोन साधारण ४६ अंश येतो. गेम आपणहून याहून बराच मोठा कोन लावून देतो. मोठ्या कोनात वेग थरारक वाटतो, पण वळण असतं त्यापेक्षा लांब दिसतं आणि ब्रेकचा अंदाज चुकतो. कोन बरोबर लावला की पहिले दोन दिवस सगळं संथ आणि अडचणीचं वाटतं. तसंच राहू द्या. (काही गेम उभा कोन विचारतात, तेवढं बघून घ्या.)

सुरुवात मी चुकीच्या गाडीने केली. असेटो कोर्सा हा गेम हातात आल्यावर थेट जीटी-३ वर्गातली गाडी आणि मोन्झाचा ट्रॅक. मुख्य सरळ रस्त्यावर ती ताशी अडीचशेच्या पुढे जाते आणि लगेच पहिल्या शिकेनसाठी, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांसाठी, दुसऱ्या गिअरपर्यंत खाली यावं लागतं. ताशी २५० ने गाडी सेकंदाला सुमारे ७० मीटर जाते. ब्रेकला पाव सेकंद उशीर झाला तर १७ मीटर गेले. नवशिक्याचा पाव सेकंद कुठेही जातो. शिवाय या गाड्यांना खऱ्या शर्यतीतही एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल असतं. मी ब्रेक कसाही हाणला तरी गाडी सांभाळून घ्यायची, म्हणजे माझी चूक झाकायची. आणि वर ट्रॅकवर रंगीत रेघ: हिरवी असेल तर पळा, लाल झाली की ब्रेक. ही रेघ फार घात करते. डोळे बॉनेटच्या पुढच्या दहा मीटरवर खिळतात, वळण कुठे संपतंय ते बघायची सवयच लागत नाही. पुढे एकदा रेघ बंद केली आणि लक्षात आलं की ज्या ट्रॅकवर इतके दिवस फिरतोय, तो मला अजिबात पाठ नाही.

उलगडा झाला तो एका लाल रेघेमुळेच, पण वेगळ्या. गेममध्ये पेडलचा आलेख पडद्यावर लावता येतो. ॲक्सिलरेटर हिरवा, ब्रेक लाल. माझ्या एका लॅपचा आलेख मी एका सराईत खेळाडूच्या लॅपशेजारी ठेवला. चढताना दोघांची रेघ सारखीच होती, सरळ उभी. फरक उतरताना होता. माझी रेघ वरून खाली एकदम कोसळत होती, म्हणजे ब्रेकचा आलेख चौकोनी. त्याची रेघ वळणाच्या तोंडापासून पार आतल्या टोकापर्यंत तिरकी उतरत गेली होती. तो वळत असतानाही ब्रेकवर होता, थोडा थोडा कमी करत. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. नाव मी आधीही ऐकलं होतं आणि हे वरच्या इयत्तेतलं काम असणार असं समजून बाजूला ठेवलं होतं. खरं तर सुरुवात इथूनच करायची असते.

कारण साधं आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढची चाकं रस्त्यावर दाबली जातात, त्यांची पकड वाढते. वळायला लागताना नेमकी हीच पकड हवी असते. आणि मी नेमका तिथेच पाय काढून घ्यायचो. नाक वर, वजन मागे, गाडी सरळच. मग घाबरून व्हील आणखी फिरवायचं. घसरणारं चाक जास्त वळवलं की जास्त घसरतं, वळत नाही. टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी आहे. सरळ रस्त्यावर तो सगळाच्या सगळा ब्रेकवर उडवला तरी चालतं, दुसरं देणंच नसतं. वळण सुरू झालं की ते आपला हप्ता मागतं आणि तो ब्रेकच्या खर्चातूनच कापावा लागतो. व्हील जसजसं फिरेल तसतसा पाय हलका.

हे शिकायला माझदा एमएक्स-५ सारखी गाडी घ्या. वजन टनाच्या आसपास, ताकद बेताची, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. वेग कमी असल्याने विचार करायला वेळ मिळतो आणि पाय चुकला की गाडी लगेच सांगते. एबीएस आणि स्थिरतेची मदत बंद. रंगीत रेघ बंद. गाडीच्या सेटअपला हात लावायचा नाही. 'एक सेकंद वेगवान' म्हणून विकले जाणारे सेटअप ज्याला एकसारखे लॅप मारता येतात त्याच्या उपयोगाचे, आपल्या नाहीत. ट्रॅक एकच धरायचा. मी कॅलिफोर्नियातला लगुना सेका धरला. ३.६ किलोमीटर, अकरा वळणं. त्याची कॉर्कस्क्रू जगप्रसिद्ध आहे. दोन वळणांत ट्रॅक सुमारे १८ मीटर खाली कोसळतो आणि वळायला घेताना पुढचं काहीच दिसत नाही. नवशिके तिच्याच मागे लागतात. तुम्ही अकराव्या वळणावर बसा. ते मंद, डावीकडचं वळण आहे आणि त्यापुढे मुख्य सरळ रस्ता लागतो. तिथून बाहेर पडतानाचा वेग पुढचा सगळा रस्ता साथ देतो, म्हणून तिथली कमाई मोठी.

सराव असा. जिथे ब्रेक मारावासा वाटतो त्याच्या बऱ्याच आधी मारा. खूण म्हणून अंतराचा फलक धरा, नाहीतर कडेच्या रंगीत पट्टीची सुरुवात. सावली धरू नका, गेममधली वेळ बदलली की ती सरकते. दाबणं एका दमात, सोडणं मात्र मनात एक, दोन, तीन म्हणत. या तीन आकड्यांतच व्हील फिरवायचं. जमलं की नाक आपणहून आत ओढलं जातं आणि व्हील कमी फिरवावं लागतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, गेमनेच काहीतरी मदत केली. ब्रेक जास्त उरला तर मागचा भाग सुटेल. सुटू द्या, गाडी फिरू द्या. कुठे सुटते ते कळणं हाच धडा आहे. मागचा भाग सुटला की नजर जिथे जायचंय तिथे ठेवा, व्हील तिकडे फिरवा आणि पाय ॲक्सिलरेटरवर असेल तर तो झटक्यात सोडू नका. झटक्यात सोडलं की मागचं उरलंसुरलं वजनही पुढे जातं. सोडणं अंगवळणी पडल्यावरच ब्रेकची खूण थोडी थोडी पुढे न्या. उशिरा ब्रेक मारण्यात मिळतो त्यापेक्षा जास्त वेळ बहुतेक नवशिके वळणाच्या पोटात घालवतात.

आणि गाणी लावू नका. सिममध्ये अंगाला झोका बसत नाही, पाठीला गाडी घसरल्याचं कळत नाही, उरतात कान आणि हात. इंजिनचा आवाज कमी करा, टायरचा वाढवा. पकडीच्या काठावर टायर एका सुरात कुरकुरतं, काठ ओलांडला की सूर फाटतो. पुढची चाकं घसरली तर व्हील हातात हलकं पडतं.

ऑनलाइन शर्यतीची घाई नको. आयरेसिंग या ऑनलाइन गेममध्ये ट्रॅकबाहेर गेलात की १ दंडगुण, ताबा सुटला की २, दुसऱ्या गाडीला जोरात धडकलात की ४, आणि चूक कुणाची हे कुणी विचारत नाही. सुरुवातीला सगळ्यांत मागून निघा आणि पहिल्या वळणावर पुढच्यांचा गोंधळ होऊ द्या.

गेम खेळून खरा रेसर झालेला जॅन मार्डनबरो सगळ्यांना माहीत असतो. २०११ साली त्याने जीटी अकॅडमी ही गेम खेळणाऱ्यांतून रेसर निवडणारी स्पर्धा जिंकली, २०१३ मध्ये ले मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या गाडीने आपल्या वर्गात तिसरा क्रमांक मिळवला. त्याच्यावर निघालेल्या २०२३ च्या सिनेमामुळे ही गोष्ट घरोघर पोचली. पण २०१५ मध्ये नूर्बुर्गरिंगवर त्याची गाडी चढावर हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक मरण पावला. सिनेमाने तो अपघात ले मांच्या आधी घडवला. प्रत्यक्षात तो दोन वर्षांनंतरचा.

गेमबाहेरच्या अपघातात माणसं मरतात, म्हणूनच खऱ्या रस्त्याबद्दल सावध करतो. मित्राची ऑटोमॅटिक गाडी सोसायटीतून बाहेर काढताना माझा डावा पाय नकळत ब्रेकवर गेला. सिमचा ब्रेक दगडासारखा कडक, खऱ्या गाडीचा हलका. गाडी जागच्या जागी थबकली आणि मागच्या सीटवरचा जेवणाचा डबा पुढे येऊन सांडला. मागे स्कूटरवाला नव्हता म्हणून डाळीवर निभावलं. रस्त्यावर डावा पाय बाजूला टेकवून ठेवा. सिमवरून उठून लगेच किल्लीही घेऊ नका; ताशी दोनशेला सरावलेल्या नजरेला शंभर म्हणजे रांगणं वाटतं, आणि पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर कारची मर्यादा शंभरच आहे. वेग अंगाला लागावा असं वाटत असेल तर कार्टिंगचा ट्रॅक गाठा. व्हीलसाठी साठवलेल्या पैशांतले थोडे काढून आधी एकदा कार्टमध्ये बसून या, मग व्हील घ्यायचं की नाही ते ठरवा.