‘धर्मादाय’ : एका शब्दाचा प्रवास आणि आजारी मूल

विश्वस्त संस्थांनी चालविलेल्या रुग्णालयांनी आपल्या नावात ‘धर्मादाय’ हा शब्द ठळकपणे लिहावा, असा आग्रह महाराष्ट्राच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाने अलीकडच्या वर्षांत धरला. वरवर पाहता ही कारभारातील किरकोळ बाब वाटते. एखाद्या पाटीवर एक शब्द वाढला, एवढेच. परंतु आजारी मुलाला खांद्यावर घेऊन खेड्यातून आलेला बाप ज्या दारासमोर उभा राहतो, त्या दारावर हा शब्द आहे की नाही, यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. आत जाण्याचा आपल्याला काही अधिकार आहे, की केवळ कोणाची कृपा झाली तरच आत जाता येईल, हे त्याला त्या पाटीवरून कळणार असते. भाषेच्या अभ्यासकाला या प्रश्नात रस वाटावा याचे कारण असे की, ‘धर्मादाय’ या शब्दाच्या पोटात हे दोन्ही अर्थ पूर्वीपासून नांदत आलेले आहेत.

शब्दाची फोड दोन प्रकारे करता येते. ‘दाय’ म्हणजे देणे, आणि वाटाही. ‘दायभाग’, ‘दायाद’ हे धर्मशास्त्रातील शब्द वारशाच्या हिश्शाविषयी बोलतात, आणि जन्माने मिळणाऱ्या हिश्शासाठी कोणी कोणापुढे हात पसरीत नाही. दुसरी फोड संधीच्या दृष्टीने अधिक सरळ आहे : धर्म आणि आदाय. ‘आदाय’ म्हणजे स्वीकार, प्राप्ती. मराठीत हा शब्द सुटा फारसा वापरात राहिला नाही. शेजारच्या कन्नडात मात्र तो उत्पन्न या अर्थी रोजच्या बोलण्यात आहे, तेलुगूतही आहे. या दृष्टीने पाहता धर्मादाय म्हणजे धर्माकडे जमा झालेले उत्पन्न. दात्याच्या अंतःकरणातील दयेपेक्षा खतावणीतील जमेच्या बाजूशी या शब्दाचे नाते अधिक जवळचे दिसते. व्यापाऱ्यांच्या बोलीत त्याचे ‘धर्मादा’ असे सुटसुटीत रूप झाले, आणि तेथे तर तो उघडउघड हिशेबाचा शब्द आहे. मालाच्या किमतीवर काही अल्प रक्कम धर्मकार्यासाठी म्हणून लावावयाची आणि ती वेगळ्या खात्यावर टाकावयाची, अशी ही पेढ्यांवरील जुनी रीत होय.

इंग्रजी न्यायालयांना ‘धर्म’ हा शब्द पेलला नाही, याची साक्ष १८९९ सालच्या रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईच्या खटल्यात सापडते. मृत्युपत्र करणाऱ्याने आपली काही संपत्ती ‘धरम’ यासाठी ठेवली होती. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने विल्सन यांच्या कोशातील अर्थ पाहिला. तेथे कायदा, सद्गुण, कर्तव्य असे विस्तृत अर्थ दिलेले आढळले. इतका व्यापक शब्द न्यायालयाला अंमलात आणता येत नाही, सबब देणगी संदिग्ध म्हणून रद्द, असा निर्णय झाला. निर्णय तर्काला धरून होता; केवळ तर्क कोशाचा होता, व्यवहाराचा नव्हता. मुंबईच्या बाजारात ‘धर्माला दिले’ असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाणपोई, धर्मशाळा, दवाखाना किंवा अन्नछत्र उभे राहते, नीतिशास्त्र उभे राहत नाही. एका कोशातील नोंदीवरून किती गरजूंचे अन्नपाणी अडावे, याचे याहून बोलके उदाहरण भारतीय भाषांच्या इतिहासात विरळाच असेल.

ही चूक अर्धशतकाने दुरुस्त झाली. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० साली झाला (पुढे त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले). त्याच्या दहाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात धर्म, धर्मादा, पुण्यकार्य, पुण्यदान हे देशी शब्दच नावानिशी घातलेले आहेत, आणि अशा उद्दिष्टासाठी केलेली विश्वस्त व्यवस्था केवळ अनिश्चिततेच्या कारणावरून रद्द समजू नये असे म्हटले आहे. चोपन्नावे कलम याहूनही महत्त्वाचे आहे. व्यापारातील रूढीप्रमाणे धर्मकार्यासाठी म्हणून गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या रकमेला ते ‘धर्मादा’ हेच नाव देते, आणि ती रक्कम व्यापाऱ्याच्या हाती विश्वस्त म्हणून राहते असे सांगते. १९७८ साली उत्तर प्रदेशातील हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार आयकराच्या संदर्भात मान्य केला. गिरणीने गिऱ्हाइकांकडून घेतलेला धर्मादा हे गिरणीचे उत्पन्न नव्हे. रूढीने या शब्दाला निश्चित अर्थ प्राप्त झालेला आहे, आणि ही रक्कम प्रारंभापासूनच धर्मकार्यासाठी बांधलेली आहे. १८९९ मध्ये कोशाने जे हिरावून घेतले, ते १९७८ मध्ये बाजाराच्या बोलीने परत मिळविले असे म्हणता येईल.

रुग्णालयांचा प्रश्न येथे येऊन मिळतो. १९८५ साली या अधिनियमात ‘४१ कक’ हे कलम घालण्यात आले. त्याचा आशय असा की, वैद्यकीय साहाय्य करणाऱ्या सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी आपल्या खाटांपैकी शेकडा १० निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि शेकडा १० दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात. कलम झाले, परंतु अंमल झाला नाही. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली तपशीलवार योजना घालून दिली, तेव्हा त्या कलमात प्राण आला. या योजनेनुसार प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या शेकडा २ इतकी रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या वेगळ्या खात्यात जमा करावयाची असते. निर्धनाच्या औषधांचा व साहित्याचा खर्च त्यातून भागतो. दुर्बल घटकातील रुग्णाने या खर्चापैकी निदान निम्मा वाटा उचलावा अशी अपेक्षा आहे. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला तत्काळ दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार केले पाहिजेत, हेही तेथे सांगितले आहे.

पेढीवरचा धर्मादा आणि हा शेकडा २ यांचे साम्य अभ्यासकाच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही. दोन्ही ठिकाणी प्रत्येक देयकामागे थोडे थोडे बाजूला पडते, वेगळ्या खात्यावर चढते आणि मालकाचे राहत नाही. भेद एवढाच की, पेढीवर ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लावले जाते. रुग्णालयात ते संस्थेने आपल्या एकूण देयकांतून काढून ठेवावयाचे असते. अन्यथा तर्क एकच आहे. शेजारच्या खोलीत आपल्या मुलाचे देयक पूर्ण भरणाऱ्या बापाच्या देयकाचा अंशही नकळत त्या निधीत जात असतो. तो निधी मग रुग्णालयाचे औदार्य ठरत नाही. रुग्णालय केवळ राखणदार असते. हा निधी कित्येक ठिकाणी खर्चावाचून पडून राहतो, तर कित्येक ठिकाणी अपुरा पडतो, अशा तक्रारी दोन्ही बाजूंनी होत आलेल्या आहेत. आणि राखणदाराने हिशेब दाखवावा ही मागणी ‘आदाय’ या शब्दाच्या मूळ प्रकृतीला धरूनच आहे.

योजनेने निवडलेली विशेषणेही पाहण्यासारखी आहेत. ‘गरीब’ हा लोकांच्या तोंडचा शब्द तिने दूर ठेवला आणि ‘निर्धन’, ‘दुर्बल घटक’ हे शब्द घेतले. ‘गरीब’ हा मूळ अरबी शब्द; अरबीत त्याचा अर्थ परका, परदेशस्थ असा आहे. मराठीत येईतो तो धनहीन झाला, शिवाय स्वभावाने सालस असा एक मायाळू अर्थही त्याला चिकटला. लातूर किंवा नंदुरबारकडून मुंबईच्या रुग्णालयात आलेल्या कुटुंबाला मात्र हा शब्द त्याच्या मूळ अरबी अर्थानेही लागू पडतो. ‘निर्धन’ या शब्दाला असे काहीच चिकटलेले नाही. तो तहसीलदाराच्या दाखल्याने सिद्ध होतो. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा प्रथम निर्धनांसाठी २५,००० रुपये व दुर्बल घटकांसाठी ५०,००० रुपये होती; ती टप्प्याटप्प्याने वाढत १,८०,००० व ३,६०,००० रुपयांवर गेली. आजारी मूल स्वतः निर्धनही नसते आणि सधनही नसते. त्याची गणना बापाच्या दाखल्यावरून होते. मर्यादेच्या रेषेपलीकडे हजार रुपये अधिक मिळविणाऱ्या रिक्षाचालकाचे मूल कायद्याच्या भाषेत निर्धन राहत नाही, मग त्याच्या हृदयाला छिद्र असो वा रक्ताचा कर्करोग असो.

दानाच्या इतर शब्दांनी मराठीत काय भोगले आहे, हेही येथे आठवावे. ‘जकात’ हे इस्लामी धर्मातील अनिवार्य दान. मराठीत तो शब्द नाक्यावरचा कर झाला. ‘खैरात’ म्हणजे पुण्यार्थ वाटणी. मराठीत खैरात वाटणे म्हणजे उधळपट्टी करणे. ‘सदावर्त’ या शब्दालाही उपहासाची धार आली आहे. घेणाऱ्याची मान खाली जाईल असा अर्थ या शब्दांना कालांतराने मिळत गेला. ‘धर्मादाय’ त्यातून बराचसा वाचला, तो बहुधा खतावणीत आणि कायद्यात अडकून पडल्यामुळेच.

तुलनेसाठी लखनौच्या अलीगंजचे उदाहरण घेता येईल. तेथील जुन्या हनुमान मंदिराशी निगडित असलेला ज्येष्ठातील ‘बडा मंगल’ साऱ्या शहराचा उत्सव आहे. रस्तोरस्ती भंडारे लागतात, वाटसरूला थांबवून पुरी-भाजी आणि सरबत दिले जाते, घेणाऱ्याची जात-धर्म कोणी विचारीत नाही. या प्रथेच्या उगमाविषयी ज्या आख्यायिका आहेत, त्यांपैकी एकीत नवाबाच्या घराण्यातील एका बेगमेचा मुलगा अतिशय आजारी पडला, या मंदिराच्या आश्रयाने तो बरा झाला, आणि त्या कृतज्ञतेतून ही वाटणी सुरू झाली असे सांगतात. आख्यायिकेचे ऐतिहासिक मोल काय ते असो. एका आजारी मुलापासून निघालेला दानाचा ओघ येथे अन्न आणि पाणी या रूपाने वाहू लागला, हे मार्मिक आहे. अन्नदानाला दाखला लागत नाही. भूक पाहणाऱ्याला दिसते. औषधाचे दान तसे करता येत नाही. त्याला निदान लागते, मापन लागते, आणि एका दिवसात ते संपत नाही.

रक्ताच्या कर्करोगाचा लहान मुलांत अधिक आढळणारा प्रकार घेतला, तर उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. ते नियमाने पूर्ण झाल्यास बहुसंख्य मुले बरी होऊ शकतात. अडचण पूर्ण होण्याची असते. औषधाचा पैसा मिळाला तरी आईबापांपैकी एकाची मजुरी बुडते, गावाकडे दुसरे मूल आजीपाशी राहते, मुंबईत खोली परवडत नाही. मग पहिल्या काही महिन्यांत मूल टवटवीत दिसू लागले की कुटुंब गावी परतते, आणि आजार उलटतो. १९४१ साली टाटा न्यासाने परळला उघडलेल्या आणि पुढे १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात बालरुग्णांच्या उपचाराबरोबर निवास, आहार, प्रवास व समुपदेशन यांची सोय जोडण्यावर भर दिला गेला, तो उपचार असे अर्धवट सुटू नयेत म्हणून. त्याच परळमध्ये १९२९ साली गिरणगावाच्या मध्यावर बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभे राहिले होते. पारशी घराण्याचा पैसा, गिरणी कामगारांची मुले, आणि पुढे महानगरपालिका व शासन यांचा वाटा, अशी त्याची घडण आहे.

निवासाच्या बाबतीत मराठी परंपरेने दिलेला शब्द ‘धर्मशाळा’. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, त्या कीर्तनातून जमविलेल्या पैशावर. स्वतःच्या कुटुंबाला त्यांचा उपभोग घेऊ दिला नाही. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांचे व त्यांच्या आप्तांचे निवासस्थान आहे. यात्रेकरूच्या जागी रुग्ण आला, आणि शब्दाला आपला अर्थ बदलावा लागला नाही. मुक्काम लांबला, इतकेच.

शासनाच्या योजनांची नावेही या शब्दकुळाशी नाते सांगतात. १९९७ ची ‘जीवनदायी’, २०१२ ची ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ यांत ‘दा’ धातू आहे, देणारा आहे. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आले तेव्हा ‘जीवनदायी’ जाऊन ‘जन आरोग्य’ आले, म्हणजे दात्याच्या ठिकाणी लोक आले. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व शाळेतील मुलांची तपासणी होते. तेथे बापाने दार ठोठावण्याची वाट न पाहता वैद्यकीय पथकच मुलाकडे जाते.

अतिदुर्मीळ आजारांच्या बाबतीत मात्र हे सर्व शब्द अपुरे पडतात. मेरुरज्जूशी संबंधित स्नायुक्षयावरील एका जनुकीय औषधाची किंमत २०२१ च्या सुमारास सुमारे १६ कोटी रुपये होती. त्या वर्षीच्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आणि लखनौची संजय गांधी पदव्युत्तर संस्था या दोघांनाही उत्कृष्टता केंद्र म्हणून स्थान मिळाले. २०२२ पासून प्रत्येक रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. उरलेल्या रकमेसाठी याच धोरणाने एक सार्वजनिक वर्गणीची व्यवस्था सुचविली आहे, आणि तीत रुग्णाची माहिती मांडून लोकांना आवाहन केले जाते. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर पूर्वीपासून दिसणाऱ्या ‘मदतीचे आवाहन’ या चौकटीचाच तो शासकीय अवतार होय : आजाराचे नाव, लागणारी रक्कम, खाते क्रमांक. त्या चौकटीतील मुलाला स्वतः काही बोलावयाचे नसते.