रुग्णसेवेचा पाचवा गुण

विनयपिटकातील महावग्गात, चीवरक्खन्धक या प्रकरणात, एक लहानसा प्रसंग आला आहे. तथागत भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंची निवासस्थाने पाहत फिरत असता एका आजारी भिक्खूच्या खोलीशी आले. त्याला पोटाचा विकार जडला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. आपण इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी आपली शुश्रूषा करीत नाही, असे त्याने सांगितले. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर संघ एकत्र करून तथागतांनी समजावले की, घर सोडून आलेल्यांच्या सेवेला येथे आईवडील नाहीत. तेव्हा त्यांनीच परस्परांची काळजी घेतली पाहिजे.

आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलांच्या शाळेला हा पाठ साजेसा आहे, म्हणून परिपाठाच्या वेळी तो आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. त्याचा अर्थ मात्र आम्हाला २०२० साली कळला.

त्या वर्षी मार्चच्या मध्यावर कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. पालक येऊन आपापल्या मुलांना घेऊन गेले. अकरा मुले मागे राहिली. त्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. दूरच्या साखर कारखान्याच्या तळावर, कोप्यांत राहत होते. गावच्या घराला कुलूप होते. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. इकडे मुले आणि तिकडे आईवडील, दोघेही जेथल्या तेथे अडकले.

पहिल्या आठवड्यात आमच्याकडून एक चूक झाली. ती या स्मरणिकेत नोंदविणे आम्ही कर्तव्य मानतो. आई कधी येणार, असे मुले विचारीत. काळजी करू नका, आठ दिवसांत येतील, सगळे ठीक होईल, असे आम्ही सांगत असू. आठ दिवस गेले. सातवीतील एका मुलाने जेवण सोडले. समजूत घालावयास गेलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, तुम्हाला तरी कुठं माहीत आहे?" त्याचे म्हणणे खरे होते. असत्य बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे जे शील आम्ही रोज सकाळी मुलांसह ग्रहण करीत होतो, तेच धीर देण्याच्या निमित्ताने मोडत होतो.

त्या रात्री महावग्गातील ते प्रकरण पुन्हा काढले. या प्रसंगापाठोपाठ तेथे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत. औषध तयार करता येणे. पथ्य व अपथ्य जाणून पथ्याचे तेच देणे. लोभाने नव्हे, तर मैत्रीचित्ताने सेवा करणे. मलमूत्र, थुंकी व ओकारी काढताना किळस न वाटणे. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन उल्हसित करणे.

हा पाचवा गुण विशेष लक्षात घ्यावा. उमेद देणे हे औषध देण्याइतकेच सेवेचे अंग मानले आहे. म्हणजे आशा ही दुःखी माणसाने एकट्याने आपल्या मनात शोधत बसण्याची गोष्ट नव्हे. सोबतच्या माणसाने ती त्याच्यापर्यंत पोहोचवावयाची असते. क्रमही पाहावा. पाणी, बिछाना, औषध, पथ्य हे आधी, बोलणे त्यानंतर. आम्ही शेवटच्या पायरीपासून आरंभ केला होता, आणि तोही खोट्या शब्दाने.

दुसऱ्या दिवसापासून रीत बदलली. सायंकाळच्या वंदनेनंतर प्रत्येक मुलाला घरच्यांशी फोनवर बोलावयास द्यावयाचे ठरले. आईवडिलांचा फोन बंद असला तर मुकादमाच्या फोनवर प्रयत्न होई. तोही लागला नाही तर आज लागला नाही, उद्या पुन्हा लावू, एवढेच सांगत असू. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगू लागलो, आणि आश्चर्य असे की मुले अधिक शांत झाली.

प्रत्येक मोठ्या मुलाकडे एक धाकटा सोपविला. त्याची आंघोळ, कपडे, पाढे, अंगाला कणकण आहे की काय, हे सारे मोठ्याने पाहावयाचे. जेवण सोडलेल्या मुलाकडे तिसरीतील एक रडका मुलगा आला. त्याला घास भरवता भरवता तो स्वतःही जेवू लागला. महावग्गातील त्या भिक्खूला आपण कोणाच्या उपयोगी नाही, याचेच शल्य होते. या मुलाला कोणीतरी त्याच्यावर अवलंबून आहे, हे कळले.

१४ एप्रिलला परमपूज्य बाबासाहेबांची १२९वी जयंती आली. मिरवणूक नव्हती, सभा नव्हती. मुलांनी वसतिगृहातील प्रतिमेला फुले वाहिली आणि फोन सुरू ठेवून तळावरील आईवडिलांसह एकाच वेळी त्रिसरण-पंचशील म्हटले. आवाज मागेपुढे होत होते, तरी कोणी थांबले नाही.

त्याच महिन्यात शासनाने ऊसतोड कामगारांना तपासणीनंतर गावी परतण्याची मुभा दिली. गावी पोहोचल्यावर विलगीकरणाचे दिवस पुन्हा आडवे आले. ७ मे रोजी बुद्धपौर्णिमा झाली, आणि त्यानंतर एकेक मूल घरी गेले. त्यांपैकी एकाची आजी या काळातच निवर्तली. त्याला अंत्यदर्शन घडले नाही. त्या रात्री आम्ही त्याला काहीही समजावले नाही. दोन मोठी मुले आपल्या वळकट्या घेऊन त्याच्या शेजारी येऊन निजली.

अनित्यता ही केवळ वियोगाची शिकवण नाही. जे उत्पन्न झाले ते नष्ट होते, हा नियम साथीलाही लागू आहे. परंतु ती ओसरेपर्यंतचे दिवस कोणीतरी कोणाच्या तरी सोबतीने काढावे लागतात. तेवढी सोबत देणे आपल्या हाती आहे.

आमचे माजी विद्यार्थी आज घरापासून दूर, अनेक शहरांत नोकरी-शिक्षणासाठी राहत आहेत. त्यांच्या शेजारच्या खोलीत, गल्लीत, कारखान्यात असाच कोणी एकटा आजारी असेल. त्याला आधी पाणी द्यावे, जेवण द्यावे, त्याच्या घरी फोन लावून द्यावा. मग दोन खरे शब्द बोलावेत. शाळेने दिलेल्या पाठाची परीक्षा तेथे आहे.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!