वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला?

डीलरकडून सेकंडहँड गाडी घेतली, तीन महिन्यांची वॉरंटी संपली आणि चौथ्या महिन्यात गिअरबॉक्स गेला. डीलर हात वर करतो, "वॉरंटी संपली, विषय संपला!" पण विषय तिथे संपत नाही.

वॉरंटी हे डीलरने दिलेले वचन. त्याशिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहेच. या कायद्यानुसार विक्रेत्याने सांगितला तसा माल नसेल, तर तोही 'दोष'च. म्हणजे मीटर मागे फिरवलेला असेल किंवा ठोकलेली गाडी 'नॉन-अ‍ॅक्सिडेंट' म्हणून गळ्यात मारली असेल, तर वॉरंटी संपल्यावरही तक्रार करता येते.

मात्र क्लचप्लेट, टायर, बॅटरी वापराने झिजणारच. तो दोष नव्हे. बिघाड विकतानाच होता, हे आपल्याला दाखवावे लागते. म्हणून दुरुस्तीआधी दुसऱ्या गॅरेजचा लेखी रिपोर्ट घ्या, फोटो काढा, जुना पार्ट फेकू नका. जाहिरात, मेसेज, पावती जपून ठेवा.

आधी डीलरला लेखी कळवा. १९१५ या हेल्पलाइनवरही सल्ला मिळतो. तरी दाद लागली नाही, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करावी. गाडीची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील हवाच असेही नाही.

हॉस्टेलमधल्या सीनियरकडून बाइक घेतली तर? तो व्यापारी नाही, त्यामुळे ग्राहक आयोग नाही. फसवणूक झाली तर १८७२ च्या करार कायद्याखाली दिवाणी कोर्ट. तेव्हा दोस्ती असली तरी गाडी मेकॅनिकला दाखवा, आणि पैसे देण्याआधी सगळे कागदावर घ्या!