दोन टक्क्यांवर गावाचा हक्क किती?

प्रश्न : आमच्या भागात साखर कारखाने आहेत, शेजारच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा वीजप्रकल्प आहे. कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करावेच लागतात म्हणे. मग आमच्या गावच्या शाळेसाठी ते मागता येतील का, की ती मालकाची मर्जी?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : खर्च करणे ही मर्जी नाही. कुठे करायचा, हे मात्र कंपनीचे संचालक मंडळ ठरवते.

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आधीच्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी रुपये वा त्याहून अधिक, यांपैकी एक अट जरी बसली, तरी कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के खर्चावे लागतात. हाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांचे सामाजिक दायित्व. तुलनेसाठी तुमच्या अक्कलकोटचे अन्नछत्र पाहा: ते १९८८ पासून भाविकांच्या देणगीवर चालते. तिथे कोणी एखाद्या वर्षी देणगी दिली नाही, तर त्याला जाब विचारता येत नाही. कंपनीचे तसे नाही. न खर्चलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत विशेष खात्यात किंवा कायद्यात नमूद केलेल्या निधीत भरावी लागते. ती भरली नाही तर २०२१ पासून दंड आहे.

सगळे कारखाने मात्र यात येत नाहीत. सहकारी कारखाना सहकार कायद्याखाली नोंदलेला असतो, कंपनी कायद्याखाली नव्हे; त्याला हे कलम लागू नाही. खासगी कारखाना कंपनी असेल आणि वरची अट पुरी करत असेल, तर लागू आहे. १,३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प चालवणारी एनटीपीसीही कंपनीच आहे.

शिक्षण, पिण्याचे पाणी, आरोग्य, उपासमार निवारण, जलसंधारण ही कामे कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत. जिथे व्यवसाय चालतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. पण केंद्र सरकारच्या खुलाशानुसार ती सक्ती नाही. म्हणून गावाला दावा लावता येत नाही, नेमकी मागणी करता येते. कंपनीच्या संकेतस्थळावर सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प द्यावेच लागतात. ते वाचा. मग शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पटसंख्या आणि खर्चाचे अंदाजपत्रक जोडून अर्ज द्या. काम संस्थेमार्फत होणार असेल, तर तिच्याकडे आयकराची १२-ए व ८०-जी नोंदणी आणि सीएसआर कामांसाठीची सीएसआर-१ नोंदणी हवी.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. इतर कायद्याने जे करणे भागच आहे, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, द्यायची असते. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. मळीमिश्रित सांडपाण्यावर प्रक्रिया करणे, कामगारांचे वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी वेळेवर भरणे हेही तसेच. शेतकऱ्यांची बिले थकवून शाळेला बाके देणारा कारखाना जबाबदार ठरत नाही. ज्याचे त्याचे देणे चुकते केल्यावरच त्या दोन टक्क्यांना मोल येते.

तेव्हा शाळेसाठी अर्ज जरूर करा. पण त्याच कारखान्याकडे गावाची ऊसबिले थकली असतील, तर व्याजासह ती आधी मागा.