निवड समितीवर जाणाऱ्या पुतण्यास

इंदापूर



जिल्ह्याच्या कुमार गटाचा कबड्डी संघ निवडण्याच्या कामी तुझी नेमणूक झाल्याचे वाचून परम संतोष वाटला. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि ज्या खेळामुळे पूर्वी फार तर रेल्वेत वा पोलिसांत नोकरी लागे, त्या खेळाला लिलावाचा भाव आला. ही गोष्ट स्वागतार्ह खरी. परंतु आपल्या इंदापूर-बारामतीकडेही मिसरूड न फुटलेल्या पोराचे भवितव्य आधीच मुक्रर करून टाकण्याची जी घाई वाढली आहे, तिच्यापासून तू सावध राहावेस, म्हणून हे पत्र.

एखाद्या चढाईपटूविषयी दहा जण एकच गोष्ट सांगू लागले, म्हणजे दहा साक्षी मिळाल्या असे समजू नकोस. त्यांतील कितींनी त्यास स्वतः खेळताना पाहिले आणि कितींनी दुसऱ्याचे ऐकून मान डोलावली, याची चौकशी केलीस, तर बहुधा एकाच मूळ जबानीच्या नकला तुझ्या हाती येतील. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत साधलेल्या चढाया तेवढ्या दिसतात. फसलेल्या कोणी जपून ठेवीत नाही.

जाणत्या पारख्यांचीही अशीच फसगत होते. उत्तर अमेरिकेत बर्फावरील हॉकीचे व्यावसायिक संघ अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांची क्रमवार निवड करतात आणि त्याकरिता पगारी पारखी वर्षभर गावोगाव हिंडतात. तरीही 1993 साली ज्याच्या नावाचा सर्वत्र बोलबाला होता, त्या अलेक्झांद्र डेगला ओटावाच्या संघाने पहिला मान दिला, आणि कीर्ती मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या ख्रिस प्राँगरने मिळविली. 1998 साली 171 व्या क्रमांकापर्यंत मागे राहिलेल्या पावेल डॅट्स्यूकने डेट्रॉइटला पुढे दोन वेळा अजिंक्यपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला.

आपल्याकडचा दाखला क्रिकेटपटू अमोल मुजुमदार यांचा. 1993-94 च्या हंगामात रणजी पदार्पणातच त्यांनी मुंबईसाठी 260 धावा केल्या आणि दुसरा तेंडुलकर अवतरल्याची ग्वाही जो तो देऊ लागला. प्रथमश्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही त्यांना भारताकडून एकही सामना खेळावयास मिळाला नाही. 2025 साली महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक तेच होते. गुण अस्सल होते, भाकीत तेवढे चुकले. कारण संघातील रिकाम्या जागा आणि समकालीनांचे तेज यांचा हिशेब पदार्पणाच्या धावांत मावत नाही.

म्हणून चाचणीच्या दिवशी कोणाशीही बोलण्यापूर्वी आपले मत कागदावर उतरवून ठेव. बोनस रेषा ओलांडून गुण घेतलेल्या मुलापेक्षा, लागोपाठ दोनदा पकडला गेल्यावरही तिसऱ्या चढाईस जो त्याच निश्चयाने मध्यरेषा ओलांडतो, त्याच्याकडे अधिक वेळ पाहा. पकड निसटल्यावर कोपऱ्यातील मुलगा कपाळाला हात लावतो, की उठून पुन्हा साखळीत हात देतो, तेही टिपून घे. वयाने वर्षभर थोर असलेला मुलगा या गटात सहज बलिष्ठ भासतो, यास्तव जन्मतारीख पाहिल्यावाचून त्याच्या ताकदीचे मोल ठरवू नकोस. कोणी फेरचाचणी मागितली, तर त्यास उद्धट मानू नकोस. ऑलिंपिकच्या निवडीत डावलले गेल्यावर खाशाबा जाधवांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली, आणि 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणले.

सर्वांचे एकमत झाले तरी ते अकारण मोडू नये. कित्येकदा ते बरोबरही असते. परंतु तुझी सही ही तुझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या खेळाची साक्ष असली पाहिजे. अकाली स्तुतीने लादलेले ओझे आणि अकाली उपेक्षेने झालेला अन्याय, दोन्ही त्या पोरांनाच आयुष्यभर सोसावे लागतात. तेव्हा शिफारस कोणाची, हे विचारण्याआधी खेळ कोणी पाहिला, हे विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत यादीवर सही करू नकोस.

तुझा,
काका