आकड्याच्या शेजारचे माप



मागे एका गावच्या गट बैठकीत लागणीचा विषय बाजूला राहिला आणि पाण्याचा वाद निघाला. दोघा सभासदांचा पाट सामाईक. पाटाच्या तोंडाशी पत्र्याची काटकोनी खाच बसवलेली, म्हणजे व्ही आकाराची. ठराव असा, की खाचेत पाणी वीस सेंटीमीटर उंच असेल तेव्हा शेवटच्या मळ्याची पाळी सहा तास. पाणी उतरून दहा सेंटीमीटरवर आले, तर पाळी बारा तास. उंची निम्मी, वेळ दुप्पट. ऐकायला हिशेब चोख. पण शेवटच्या मळ्याचे मालक म्हणाले, "तास मोजून घेतो, तरी निम्म्या सऱ्या कोरड्या राहतात. कुठंतरी पाणी मुरतंय." मग उंदराची बिळं शोधून झाली, बांध तपासून झाले, एकमेकांकडे संशयाने बघूनही झाले. बिळं काही सापडली नाहीत.

पाणी मुरत होते ते हिशेबात. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. पण त्याआधी मापांबद्दल थोडे बोलावे लागेल, कारण मोठमोठी माणसे इथेच चुकलेली आहेत.

नुसता आकडा काहीच सांगत नाही. 'पन्नास' म्हटले तर पन्नास काय? पन्नास टन ऊस, पन्नास गुंठे रान की पन्नास पोती? आकड्याच्या शेजारी जे माप लागते त्याला शास्त्रात एकक म्हणतात. किलो, मीटर, सेकंद ही एकके झाली. आणि ते एकक ज्या जातीच्या गोष्टीचे असते, त्या जातीला मिती म्हणतात. फूट, मीटर, कोस, वीत ही एकके वेगवेगळी, पण मिती एकच, लांबी. एकर, गुंठा, आर, हेक्टर यांची मिती लांबी गुणिले लांबी. पाण्याचा प्रवाह म्हणजे लांबी तीनदा गुणून त्याला वेळेने भागायचे. एवढे ध्यानात आले की निम्मा अभ्यास झाला.

आपल्या जुन्या माणसांना ही जात ठाऊक होती. शेर दोन होते, एक वजनी आणि एक मापी. पायली भरून ज्वारी घेतली आणि तीच पायली भरून शेंगा घेतल्या तर वजन सारखे येत नाही, हे घरातल्या बाईला कुणी शिकवावे लागत नव्हते. अडचण एवढीच, की मण आणि शेर प्रत्येक मुलखात वेगळे. त्या गोंधळावर उपाय म्हणून १९५६ साली कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. कागदावर सगळे सुधारले. बोलण्यात मात्र आपण अजून एकरी टनेजच विचारतो, आणि त्यात वावगे काही नाही. वावगे तेव्हा होते, जेव्हा कागदावरचे माप आणि तोंडातले माप एकमेकांत मिसळतात.

सातबाऱ्यावरचे उदाहरण घ्या. उताऱ्यावर क्षेत्र १.२० लिहिलेले असते. ते हेक्टर-आर असते, म्हणजे एक हेक्टर वीस आर. एका हेक्टरचे २.४७१ एकर धरले तर हे क्षेत्र २ एकर साडेअडतीस गुंठ्यांच्या आसपास भरते. पण घरात वडील माणूस 'एक वीस' म्हणते तेव्हा त्याला एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर म्हणायचे असते. आकडा तोच, रान जवळजवळ दुप्पट. चिटबॉयकडे ऊसनोंद देताना हा घोटाळा झाला तर तोडणीचा कार्यक्रम, टनेजचा अंदाज, सगळेच बिघडते. आणखी एक गंमत पाहा. एकराचे गुंठे चाळीस, हेक्टरचे आर शंभर. म्हणून हेक्टरमध्ये १.५० म्हणजे दीड, आणि एकर-गुंठ्यात दीड लिहायचे तर १.२०. दशांश चिन्ह एकच, पण त्याचा अर्थ दोन ठिकाणी दोन.

खताचेही तसेच. सुरू उसाला शिफारस आहे हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश. आता सगळे नत्र युरियातूनच द्यायचे असे धरून हिशेब करू, पण आकड्यामागे माप लावून. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे एक किलो युरियात ०.४६ किलो नत्र. २५० ला ०.४६ ने भागले की ५४३ किलो युरिया हेक्टरी आला. त्याला २.४७१ ने भागले की एकरी २२० किलो. गोणी आता ४५ किलोची, २०१८ पूर्वी ५० किलोची होती. २२० भागिले ४५, म्हणजे पाच गोण्यांना थोडे कमी. ज्याने 'हेक्टरी' हा शब्द गाळला त्याने एकराला बारा गोण्या टाकल्या, आणि ज्याने नत्र आणि युरिया एकच समजले त्याने हेक्टरला २५० किलो युरिया टाकून पीक उपाशी ठेवले. पहिली चूक मापावरून पकडता येते, कारण भागाकारात एकर राहिला की हेक्टर हे दिसते. दुसरी तशी पकडता येत नाही. नत्राचा किलो आणि युरियाचा किलो, दोन्ही वजनच. म्हणून नुसते 'किलो' लिहू नये, 'किलो नत्र' आणि 'किलो युरिया' असे पूर्ण लिहावे. (मिश्रखतातून किंवा डीएपीतून नत्र जात असेल तर तेवढे वजा करायचे, आणि माती परीक्षणाचा कागद हाताशी असेल तर त्याप्रमाणेच जायचे, हे आम्ही दरवेळी सांगतो, आताही सांगतो.)

साखर उताऱ्याला तर एककच नाही. १०.२५ टक्के म्हणजे एक टन उसाला १०२.५ किलो साखर. वजनाला वजनाने भागले, माप उडून गेले. माप उडाले तरी 'कशाचे टक्के' हे विचारावेच लागते. उसाच्या वजनाचे टक्के वेगळे आणि रसाचे वेगळे. २०२५-२६ हंगामाचा एफआरपी याच १०.२५ उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा जाहीर झाला. आपण चावडीवर बोलतो टनाच्या भाषेत, तिथे तो ३,५५० होतो.

आता मोठ्या माणसांची चूक. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाचे एक नवे बोईंग ७६७ विमान मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघाले. तो देश त्या वेळी पौंडातून किलोत जात होता, आपण १९५८ नंतर गेलो तसाच. इंधन मोजायचे यंत्र बंद होते म्हणून टाकीत काठी घालून मोजले, तेल निघाले ७,६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला गुणक घेतला १.७७. पण १.७७ होता एका लिटरचे पौंड! किलो करायचे तर ०.८ च्या आसपास गुणक हवा. हिशेब बरोबर आहे असे समजून त्यांनी सुमारे ४,९०० लिटर तेल भरले. भरायला हवे होते वीस हजार लिटरच्या वर-खाली. वाटेत, ४१,००० फुटांवर, दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाने ते धूड घारीसारखे तरंगत आणून गिमली गावच्या जुन्या विमानतळावर उतरवले. ६९ माणसे होती, सगळी वाचली. त्या दिवशी कुणी कागदावर 'लिटर गुणिले पौंड प्रति लिटर' असे लिहिले असते, तर लिटरला लिटर कटला असता आणि उत्तराशेजारी 'पौंड' हा शब्द आपोआप उभा राहिला असता. अवघा अर्ध्या मिनिटाचा उद्योग होता.

मापे अशी कापत जाऊन हिशेब तपासायचा, यालाच मितीय विश्लेषण म्हणतात. नाव जड आहे, काम हलके आहे. फ्रान्समध्ये फूरिये नावाच्या गणितज्ञाने १८२२ सालच्या उष्णतेवरच्या आपल्या ग्रंथात हा विचार मांडला. नियम एकच, बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जात एकच पाहिजे. टनाला एकर मिळवता येत नाही, तासाला लिटर मिळवता येत नाही.

पंपाचे सूत्र बऱ्याच सभासदांना पाठ आहे. सेकंदाला लिटर गुणिले उंची मीटर, भागिले ७५, म्हणजे अश्वशक्ती. त्या ७५ च्या पोटात किलो, मीटर आणि सेकंद लपलेले आहेत. सेकंदाला १० लिटर पाणी एकूण २० मीटर चढवायचे तर २.६७ अश्वशक्ती, आणि पंप-मोटारीची कार्यक्षमता निम्मी धरली तर सव्वापाचच्या पुढे. म्हणजे पाच अश्वशक्तीच्या मोटारीवर काम जेमतेम निघेल. पण विहीर आपण फुटात सांगतो. त्याच सूत्रात ६६ फूट घातले तर साडेसतरा अश्वशक्ती येते! दुकानदार खूष, वीजबिल बघून आपण नाखूष. कुठल्याही सूत्रातला मधला आकडा, ७५ असो की आणखी काही, कोणत्या मापांसाठी आहे हे विचारल्याशिवाय ते सूत्र वापरू नये.

आता त्या खाचेकडे परत जाऊ. मितीचा खरा चमत्कार इथे दिसतो, कारण इथे ती नुसती चूक पकडत नाही, सूत्रच काढून देते.

खाचेतून सेकंदाला किती पाणी जाईल, हे कशावर अवलंबून आहे? एक तर पाण्याच्या उंचीवर. दुसरे, पाणी खाली ओढणाऱ्या पृथ्वीच्या ओढीवर. तिचे माप ९.८१ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद, म्हणजे त्यात मीटर एकदा आणि भागाकारात सेकंद दोनदा. पाण्याच्या वजनाचा संबंध येईल का? येणार नाही. प्रवाहाच्या मापात किलो नाहीच, आणि वजन आत घेतले तर तो किलो कापायला दुसरे काही हाताशी नाही. म्हणजे दोनच गोष्टी उरल्या, उंची आणि ओढ.

प्रवाहाचे माप घनमीटर प्रति सेकंद. त्यात भागाकारात सेकंद एकदाच आहे. ओढीत तो दोनदा आहे, आणि उंचीत तर सेकंद नाहीच. तेव्हा सेकंद जुळवायचा तर ओढीचे वर्गमूळच घ्यावे लागेल, दुसरी वाट नाही. वर्गमूळ घेतले की मीटरही अर्धा होतो. प्रवाहाला मीटर हवेत तीन, ओढीने दिला अर्धा, उरले अडीच. ते अडीच उंचीनेच द्यायचे. म्हणजे प्रवाह हा उंचीच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. ना प्रयोगशाळा, ना यंत्र, फक्त मापे जुळवली.

उंची दुप्पट झाली तर पाणी किती? दोनचा वर्ग चार, त्याला दोनचे वर्गमूळ १.४१४ ने गुणा, ५.६६ पट. दुप्पट नव्हे, साडेपाचपटीहून जास्त!

किती लिटर, हे मात्र मिती सांगत नाही, तो गुणक मोजूनच काढावा लागतो. काटकोनी खाचेला तो मोजलेला आहे. उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन तिच्या अडीचाव्या घाताला ०.०१३८ ने गुणले की सेकंदाला लिटर मिळतात. (पुस्तकात कुठे १.३८ दिसेल. ते मीटर आणि घनमीटरसाठी आहे. दोन्ही बरोबर, मिसळले की दोन्ही चूक.) दहा सेंटीमीटरला येतात ४.३६ लिटर, वीसला २४.७.

आता त्या दोघांचा ठराव तपासा. वीस सेंटीमीटरवर सहा तासांत गेले सुमारे ५ लाख ३३ हजार लिटर. साडेसात सेंटीमीटरची एक पाळी द्यायला एकराला ३ लाख लिटरच्या थोडे वर लागते, म्हणजे पावणेदोन एकर भिजले. दहा सेंटीमीटरवर बारा तासांत गेले १ लाख ८८ हजार लिटर. त्यात भिजते जेमतेम पंचवीस गुंठे, आणि त्यातूनही पाटात मुरेल ते वेगळे. तेवढेच पाणी द्यायचे तर बारा नव्हे, चौतीस तास दारं धरावी लागतील. उन्हाळ्यात विहिरी उतरतात आणि पाणी दहावर येते तेव्हाच ऊस तहानलेला असतो, म्हणून हा तोटा नेमका नको त्या महिन्यांत बसतो. चोरी कुणी केली नव्हती. दोन कुटुंबांचे बोलणे मात्र काही काळ तुटले होते.

चौकोनी तोंडाच्या दारावर हा घात चालत नाही, हेही लिहून ठेवतो. तिथे रुंदी ही तिसरी गोष्ट येते. रुंदी तीच राहून पाण्याची उंची दुप्पट झाली तर प्रवाह सुमारे २.८३ पट होतो.

त्या दोघांनी ठराव बदलला तो असा: पाळी तासांवर नाही, लिटरवर. खाचेजवळच्या दगडावर सेंटीमीटरच्या खुणा आणि प्रत्येक खुणेपुढे सेकंदाचे लिटर रंगवले. उंची मोजताना पट्टी खाचेच्या तोंडात धरायची नाही, तिथे पाणी खाली झुकलेले असते. पाण्याच्या उंचीच्या तीन-चार पट मागे, संथ पाण्यात धरायची, आणि शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीला जुळवायचे. बारा सेंटीमीटरला ६.९ लिटर, पंधराला १२, अठराला १९. ज्यांच्या पाटावर अशी खाच आहे त्यांनी हे आकडे उतरवून घ्यावेत.