दगड आणि करवत

लालबागच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूची माती बोटांनीही आकार घेते. त्याच परिसरातील चाळीत कोणी दगडाची लहानशी मूर्ती घडवू लागला, तर त्याला प्रथम करवत निवडावी लागेल. आणि त्याआधी दगड ओळखावा लागेल.

नखाने ओरखडा उमटला, तर तो बहुधा शंखजिऱ्याचा दगड असतो. मोठ्या दात्यांची साधी पोलादी करवतही तो कापते. संगमरवरावर नख चालत नाही, चाकू चालतो. मात्र साध्या करवतीचे दाते त्यावर लवकर बोथट होतात. घारापुरीची लेणी ज्यात कोरली, तो काळा दगड तर अशा करवतीला मुळीच दाद देत नाही. त्याला हिऱ्याचे कण बसवलेले पाते लागते. नवल असे, की त्याला लाकडाच्या करवतीसारखे दाते नसतात! ते दगड चिरीत नाही, झिजवते. पूर्वीचे कारागीर बिनदात्यांच्या पात्याखाली वाळू व पाणी घालून हेच साधीत.

पाण्याने पाते थंड राहते, धूळही पुष्कळशी बसते. ही धूळ क्षुल्लक नव्हे. गारेचा अंश असलेल्या दगडाची बारीक धूळ फुप्फुसांत साचली, तर ती इजा भरून येत नाही. म्हणून एका खोलीच्या बिऱ्हाडात विजेचे पाते कोरडे चालवू नये. नाकातोंडावर धूळ अडवणारा मुखवटा बांधून, दगड ओला ठेवून, चाळीच्या चौकात हातकरवतच ओढावी. वेळ अधिक लागतो, इतकेच.